नऊ गोळ्या आणि संडासातलं कॅलेंडर

आईच्या घोट्याच्या वर मोज्याच्या रबराची खूण उमटली होती. खोली अंदाजे तीन मिलिमीटर. मी शेजारी अंगठ्याने दाबून पाहिलं, तर तिथेही खळगा पडला, आणि तो भरून यायला सेकंदकाट्याने मोजून बेचाळीस सेकंद लागले.

"काय करतेस?" आईने विचारलं.

"मोजतेय."

"पाय आहे तो माझा, हेर्मिन. विहीर नाही."

मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तीस वर्षं लोकांच्या पिण्याच्या पाण्यात काय काय आहे ते मोजते आहे, त्यामुळे समोर आलेली गोष्ट मोजायची सवय हाताला लागली आहे. घरात याचं कौतुक कधी झालं नाही. पण त्या रविवारी मोजायला कारण होतं. आई एक्क्याऐंशी वर्षांची होणार होती. जुलैत ती दुसऱ्यांदा पडली होती. आणि त्या दिवशी कॉफी पिताना तिने मला दोनदा विचारलं होतं की बाबांनी सायकल आत घेतली का. बाबांना जाऊन सात वर्षं होत आली होती.

माझा धाकटा भाऊ रेंडर्ट दीड तासावरच्या आमेर्सफोर्टला राहतो आणि ईमेलमध्ये मुद्द्यांना आकडे घालतो. त्याने लिहिलं होतं: "१. आईचं डोकं आता चालत नाही. २. 'बूमगार्ड'मध्ये तिचं नाव घातलंय. ३. नोव्हेंबरमध्ये खोली रिकामी होते. ४. भावनिक होऊ नये." बूमगार्ड म्हणजे आमच्या गावाबाहेरचं वृद्धनिवास. चांगलं आहे. खिडक्या मोठ्या आहेत. रेंडर्टने आईला दोन वर्षांत चार वेळा विचारलं होतं आणि चारही वेळा आई म्हणाली होती, "बघू की एकदा निवांत."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या आख्टरहूकमध्ये, म्हणजे देशाच्या या पूर्वेकडच्या खेडवळ भागात, "नाही" हा शब्द तोंडावर कोणी म्हणत नाही. जेवण करपलं तर "वेगळं झालंय" म्हणतात, आणि जावई आवडला नाही तर "उंच आहे" म्हणतात. त्यातही आई म्हणजे कळस. तिच्या घरात तीन व्हॅक्यूम क्लीनर आहेत, कारण दाराशी तीन विक्रेते आले होते. त्यातला एक तर दुसऱ्यांदा आलेला तोच माणूस होता.

तर खूण मोजून झाल्यावर मी आईच्या गोळ्यांची गुंडाळी उलगडली. औषधाच्या दुकानातून दर पंधरवड्याला ही गुंडाळी येते. पारदर्शक पुड्यांची लांब पट्टी असते, प्रत्येक पुडीवर वार आणि वेळ छापलेली. आई फाडते, तळहातावर ओतते आणि गिळते. दिवसाला नऊ.

"या कसल्या गं?"

"डॉक्टर ओंकांच्या."

"ते कळलं. पण कशासाठी?"

"अगं, त्यांना माहीत आहे ना," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझ्या दृष्टीने सुरू झाला होता. म्हाताऱ्या माणसांना द्यायच्या आधी दोनदा विचार करावा अशा औषधांच्या याद्या डॉक्टरांनीच बनवलेल्या आहेत. आमच्याकडे नदीच्या पाण्यात औषधांचे अंश सापडतात म्हणून मी त्या कधीतरी चाळल्या होत्या. तरुण शरीरात जी गोळी गुपचूप काम करून निघून जाते, ती म्हाताऱ्या शरीरात पाहुण्यासारखी मुक्काम करते. कोणी डोकं सुस्त करते, कोणी पाय डगमगवते. मला वाटलं, साधं काम आहे. नऊ नावं मिळवायची आणि यादीशी ताडून पाहायची. एक संध्याकाळ पुरे.

सोमवारी मी औषधाच्या दुकानात गेले. तिथली औषधतज्ज्ञ आयलिन मला नावाने ओळखते. तिच्या धाकटीला मी रसायनशास्त्राची शिकवणी दिली आहे. तरी ती म्हणाली, "देता येणार नाही हो. तुमच्या आईंची परवानगी हवी."

"आई बाहेर गाडीत बसली आहे."

"तोंडी चालत नाही. संगणकावरून द्यावी लागते. त्यांच्या सरकारी ओळखीने आत गेलात की त्यांच्या मोबाइलवर आकडे येतील."

आईचा मोबाइल पावाच्या डब्यात असतो. बंद करून. "झिजू नये म्हणून," असं आई म्हणते. तो चालू केल्यावर आधी त्याला स्वतःचे आकडे हवे होते, ते आईने सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवले होते, आणि ते ठिकाण इतकं सुरक्षित होतं की तिलाही सापडलं नाही. ते मला गुरुवारी पिठाच्या बरणीच्या झाकणाला आतून चिकटवलेले सापडले. शुक्रवारी परवानगी मिळाली. आयलिनने यादी छापून दिली आणि हळूच म्हणाली, "बरं केलंत. मीसुद्धा दोनदा दवाखान्याला चिठ्ठी पाठवली होती. उत्तर आलं, मार्चमध्ये फोनवर सगळ्या गोळ्यांची तपासणी झाली आहे, रुग्णाची तक्रार नाही."

नऊपैकी तीन नावं म्हाताऱ्यांच्या यादीत होती: झोपेची गोळी, लघवीची घाई थांबवणारी पिवळी गोळी आणि चक्करवरची एक.

मी दवाखान्यात फोन लावला. जीव धोक्यात असेल तर एक दाबा. मी प्रामाणिकपणे विचार केला आणि एक दाबलं नाही. एकवीस मिनिटांनी सहायक बाई बोलल्या. "दहा मिनिटांच्या भेटीत एक तक्रार."

"आमच्याकडे नऊ गोळ्या आहेत."

"मग दुहेरी भेट घ्या. वीस मिनिटं. तीन आठवड्यांनी."

तीन आठवडे मोकळे मिळाले आणि तिथेच माझा घात झाला. आणखी पुरावा गोळा करू या, असं मी ठरवलं. कोणती गोळी कधी सुरू झाली हे कळलं तर कोणत्या गोळीमुळे काय झालं हेही कळेल. आईला तारखा आठवेनात. पण रविवारी संडासात बसले असताना मला उत्तर समोर टांगलेलं दिसलं.

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर प्रत्येक घरी संडासातच असतं, म्हणजे दिवसातून चार वेळा तरी नजर जाते आणि कोणाचा वाढदिवस चुकत नाही. आईच्या कॅलेंडरवर आत्या, भाचे आणि चुलतसासऱ्यांच्या मधे बारीक पेन्सिलने लिहिलेलं होतं. चौदा फेब्रुवारी: "पिवळी." नऊ मे: "पाण्याची", म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढून सूज उतरवणारी. अठरा जून: "चक्करची." तीन सप्टेंबर, माझ्या वाढदिवसाच्या दोन दिवस वर: "पांढरी, ब्लडप्रेशर." सत्तावीस नोव्हेंबर: "निळी, झोपेची. दोन आठवडे."

मी तिथेच, ज्या अवस्थेत होते त्या अवस्थेत, सगळं उतरवून घेतलं. घरी येऊन स्वच्छ तक्ता काढला. बाण काढले. दोन रंग वापरले. खाली माझं नाव, पदवी आणि सही घालून डॉक्टरांना पाठवून दिला. इतका देखणा तक्ता मी नोकरीतही केला नव्हता.

आता रीकमावशी. रीक टे ब्राके ही आईची पहिली शेजारीण. इथे पहिला शेजारी हा मान आहे. आजारपणात, बाळंतपणात, मयतीत पहिला हक्क आणि पहिलं काम त्याचं. बाबा गेले तेव्हा रेंडर्टला आणि मला कळवायच्या आधी रीकमावशीने रीतीप्रमाणे घरातली घड्याळं थांबवली होती. तेव्हा तिच्यापासून काही लपवणं शक्यच नव्हतं. ती मागच्या दाराने आली, टेबलावरची यादी वाचली आणि म्हणाली, "नऊच? मला अकरा आहेत."

"मावशी, ही स्पर्धा नाही."

"नाही गं, मी आपलं सांगितलं. माझ्याही बघतेस का?"

मी म्हटलं, बघू. ही माझी चूक. आमच्याकडे "बघू"चा अर्थ काय होतो ते मी वर लिहिलंच आहे, पण रीकमावशीने त्या दिवशी नेमका शब्दशः अर्थ घेतला. शनिवारी सकाळी दहा वाजता आईच्या स्वयंपाकघरात सहा शेजारी आले, प्रत्येकाच्या हातात पिशवी. आईने आनंदाने कॉफी ठेवली. तिला वाटलं, कोणाचा तरी वाढदिवस आहे. ती दाराशी उभी राहून, वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे, सगळ्यांचं अभिनंदन करत होती, आणि तेही परत अभिनंदन करत होते, कारण तसं न करणं बरं दिसलं नसतं.

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं. "मी पाणी तपासते."

"मग चांगलंच की," त्यांच्यातला वेसलिंक म्हणाला. "गोळ्या पाण्याबरोबरच घेतो."

वेसलिंकच्या पिशवीत एक मोठी राखाडी गोळी होती. मी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "हे बकऱ्यांच्या जंताचं औषध आहे."

"हो. पण लागू पडतं."

"तुम्हाला?"

"बकऱ्यांना तर पडलं."

मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं: ही यादी औषधतज्ज्ञाला दाखवा, आणि आपल्या मनाने काहीही बंद करू नका. हे वाक्य मी सहा वेळा उच्चारलं, स्पष्ट आवाजात. पण मधे कधीतरी आईच्या घोट्यांबद्दल आयलिनशी फोनवर बोलताना मी म्हणाले, "गडबड त्या पाण्याच्या गोळीपाशीच आहे." ते वाक्य मी एकदाच उच्चारलं, हळू आवाजात. शनिवारच्या सकाळी सहा जणांनी नेमकं तेच ऐकलं.

पुढच्या बुधवारी रीकमावशी नवऱ्याचे लाकडी बूट घालून आली. तिचे स्वतःचे कुठलेच पायात जात नव्हते. दारापासून खुर्चीपर्यंत येताना ती दोनदा थांबली.

"मावशी, श्वास का लागतोय?"

"लागतोय थोडा. वेगळा लागतोय." मग ती म्हणाली, "मी ती पाण्याची गोळी सोडली. तूच म्हणालीस ना, गडबड तिथे आहे."

मी तिला गाडीत घालून थेट रुग्णालयात नेलं. हा प्रसंग हसण्यासारखा नव्हता आणि अजूनही मी तो हसत सांगू शकत नाही. रीकमावशीचं हृदय अशक्त आहे. तिच्यासाठी ती गोळी म्हणजे फुप्फुसात साठणारं पाणी बाहेर काढणारा पंप. तीच गोळी, त्याच रंगाची, आईच्या पुडीतही होती. एकीला ती तारत होती. दुसरीला कदाचित घसरवत होती. गोळी चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा असतो, कोणाला आणि कशासाठी हे विचारायचं असतं. तीस वर्षं विज्ञान करणाऱ्या बाईला हे लाकडी बूट बघून कळावं, याची मला बरेच दिवस लाज वाटत राहिली.

गोळी पुन्हा सुरू झाली आणि दोन दिवसांत मावशी ठीक झाली. शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला. सहायक बाईंचा आवाज फार सभ्य होता. "बाई, तुम्ही गावात औषधोपचार करता असं डॉक्टरांच्या कानावर आलंय."

"मी पाणी तपासते," मी म्हटलं.

दुहेरी भेटीला आम्ही तिघी गेलो. रीकमावशीला कोणी बोलावलं नव्हतं. ती पहिली शेजारीण म्हणून आली, स्वतःच्या बुटात. डॉक्टर ओंक साठीचे आहेत. त्यांचे वडीलही इथेच डॉक्टर होते, आणि माझा जन्म त्या वडिलांच्या हातचा. टेबलावर माझा तक्ता होता. दोन रंगांचा.

"छान काढलाय," डॉक्टर म्हणाले. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती. "फक्त एक समजलं नाही. तुमच्या तक्त्यात फेब्रुवारीत आपण लघवीची घाई थांबवली. मेमध्ये घाई आणणारी गोळी दिली. आणि सप्टेंबरमध्ये पाय सुजवू शकेल अशी ब्लडप्रेशरची गोळी. म्हणजे आधी सूज उतरवली आणि चार महिन्यांनी सूज आणली. माझं वय झालंय, पण मी इतकाही उलटा चालत नाही."

मी तक्त्याकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं, आणि कानांपर्यंत गरम झालं. वाढदिवसांच्या कॅलेंडरवर वर्ष नसतं. वार नसतो, वर्ष नसतं, म्हणून तर ते जन्मभर टिकतं. नोंदी वेगवेगळ्या वर्षांच्या होत्या आणि मी त्या जानेवारी ते डिसेंबर अशा ओळीने लावल्या होत्या. वर बाणही काढले होते.

वीसपैकी सहा मिनिटं गेली होती.

"आण इकडे," रीकमावशी म्हणाली आणि तक्ता ओढून घेतला. "पांढरी. ती हेर्मिनच्या पन्नाशीच्या वर्षी."

"कशावरून?" मी विचारलं.

"तुझ्या अंगणात पेंढ्याची म्हातारी बसवली तेव्हाची गोष्ट. तुझाच पिवळा कोट घातला होता तिला." पन्नाशीला बाईच्या दारात अशी बाहुली बसवायची रीत आहे. माझ्या बाहुलीच्या गळ्यात शेजाऱ्यांनी परीक्षानळी अडकवली होती आणि पाटीवर लिहिलं होतं, 'आता गाळ दिसायला लागला'. तो विषय मी वाढवणार नाही. "आदल्या दिवशी पेंढा भरताना तुझी आई म्हणाली, डॉक्टरांनी काल पांढरी गोळी दिली. म्हणून मी तिला वाकू दिलं नाही. पाण्याची त्याच्या पुढच्या मेमध्ये. माझा गुडघा नवा बसवला होता आणि ही डिना मला बघायला आली, तिचेच पाय माझ्यापेक्षा सुजलेले. पिवळी त्याच्यानंतरच्या थंडीत. वेसलिंकच्या वाढदिवसाला ती तीनदा उठली, केक तसाच राहिला, दुसऱ्या आठवड्यात गोळी आली. आणि चक्करची त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, पहिल्यांदा पडली तेव्हा."

डॉक्टर लिहीत होते. पांढरी, मग सूज. पाण्याची, मग घाई. पिवळी, मग कोरडं तोंड आणि घोटाळलेलं डोकं. मग चक्कर, मग चक्करची गोळी. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीचं निस्तरत आली होती.

"आणि निळी?" त्यांनी विचारलं.

रीकमावशीने आईकडे पाहिलं. "ती सगळ्यांच्या आधीची. हिचा नवरा, बेरंट, गेला त्या महिन्यातली. झोपच नव्हती डिनाला. दोन आठवड्यांसाठी दिली होती."

दोन आठवडे. सात वर्षं होत आली होती. मी त्या सात वर्षांत दर रविवारी आईकडे जात होते, कॉफी पीत होते, समोर तेच कॅलेंडर बघत होते. आईला झोप येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

"मार्चमध्ये फोनवर विचारलं होतं तुम्हाला," डॉक्टर आईला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "गोळ्यांचा काही त्रास होतो का म्हणून."

"तुमच्या मुलीने विचारलं, काही तक्रार नाही ना?"

"माझी सहायक आहे ती."

"गोड आहे. मी म्हटलं, तशी काही नाही."

"पण त्रास होत होता."

"होत होता की."

"मग बोलला का नाहीत?"

आईने हातातली पर्स नीट केली. "तुम्ही एवढ्या मनापासून दिलेल्या गोळ्या डॉक्टर. वाईट वाटलं असतं तुम्हाला. आणि तुमचे वडील किती चांगले होते."

डॉक्टर ओंकांनी आईची फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. एकोणीस मिनिटं झाली होती. बाहेर कोणीतरी खोकत होतं. "यातली प्रत्येक चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे," ते म्हणाले. "एकेक बघितली तर प्रत्येक बरोबर वाटते." मग त्यांनी आयलिनला फोन लावला आणि आम्ही चाळीस मिनिटं बसलो. बाहेरच्या रांगेतल्या लोकांनी नंतर मला "आज निवांत झालं वाटतं" असं म्हटलं. आमच्याकडे यापेक्षा मोठी शिवी नाही.

पिवळी आणि चक्करची थांबली. पांढरीच्या जागी पाय न सुजवणारी दुसरी आली. सूज उतरू लागली तशी पाण्याची कमी करत बंद केली, दर आठवड्याला वजन करून. निळी मात्र एकदम सोडायची नव्हती, शरीराला सवय लागलेली होती. दर काही आठवड्यांनी पाव भाग कमी, आणि झोप बिघडली तर थांबायचं. पाव भाग आई स्वतः कापायची, बटाटे सोलायच्या छोट्या सुरीने. पहिल्या तुकड्यांची मी तराजूवर तपासणी केली. आईचा हात माझ्यापेक्षा नेमका होता. मी तिला तसं सांगितलं नाही. आता लिहिते आहे.

ऑक्टोबर कठीण गेला. आई पहाटे उठून कपाटं आवरायची आणि चिडचिड करायची. तिला चिडलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. रेंडर्टने लिहिलं: "१. स्थिती बिघडली आहे. २. आता पुरे." मलाही खात्री नव्हती. मग ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी आईने माझी कॉफी ओतली आणि म्हणाली, "तू परवा म्हणालीस तुमच्या यंत्राचा पंप बिघडलाय. झाला का नीट?" मी ते तीन आठवड्यांपूर्वी, सहज बोलले होते. मी नाक पुसायला संडासात गेले आणि कॅलेंडरसमोर थोडा वेळ बसले.

सगळंच परत आलं असं मी म्हणणार नाही. चष्मा ती अजून हरवते, भाच्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारते. गोळ्यांनी किती नेलं होतं आणि वयाने किती, याचं प्रमाण काढायची मला फार इच्छा होती. काढता येत नाही. पण सायकल आत घेतली का, हे तिने पुन्हा विचारलं नाही.

एकवीस नोव्हेंबरला आईचा वाढदिवस होता. बैठकीच्या खोलीत भिंतींना लावून खुर्च्यांचं गोल कडं केलं होतं, नेहमीसारखं. येणाऱ्या प्रत्येकाने बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन केलं. मला "आईबद्दल", रीकमावशीला "शेजारणीबद्दल". कॉफी, केकचा एकेक तुकडा. वेसलिंकने कोणीही न विचारता सांगितलं की ती राखाडी गोळी आता फक्त बकऱ्याच घेतात.

रेंडर्ट निळी फाईल घेऊन आला होता. त्याला दोष देऊ नये. तो आईवर प्रेम करतो, आकडे घालून. आई दुसऱ्यांदा पडली तेव्हा रुग्णवाहिका येईपर्यंत फोनवर तिच्याशी तोच बोलत बसला होता. त्याने केक संपवला आणि घसा साफ केला.

"आई, बूमगार्डवाल्यांना सोमवारी कळवायचं आहे. दुसऱ्या मजल्यावरची खोली आहे. बागेकडची."

ज्यांना जायचं होतं तेही बसून राहिले. आमच्या भागात असा थेट प्रश्न सगळ्यांसमोर कोणी विचारत नाही, पण तो अठरा वर्षं आमेर्सफोर्टला राहतोय.

"छान असेल खोली," आई म्हणाली.

"म्हणजे हो?"

"खिडकी मोठी असेल."

"आई, प्लीज. हो की नाही?"

"अरे, तिला केक तरी खाऊ दे," रीकमावशी म्हणाली.

"मावशी, दोन वर्षं झाली. ती पुन्हा पडली तर? जिन्यात पडली तर? मी दीड तासावर आहे. फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधतो." त्याने फाईल दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "ताई, तू तरी बोल."

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. वजनांची वही होती, तीन महिन्यांचा तक्ता होता, या वेळी वर्षांसकट. तो माझ्या पर्समध्ये होता आणि मी पर्स उघडलीही होती. मग मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, रेंडर्टचा आकडे घातलेला ईमेल वाचताना माझ्या चेहऱ्यावर असतो तसा भाव होता. मी पर्स बंद केली.

"मला का विचारतोस?" मी म्हटलं. "ती समोर बसली आहे."

आईने बशी टेबलावर ठेवली. काटा बशीत सरळ ठेवला. तिने पाय थोडे पुढे घेतले आणि मोज्यांकडे पाहिलं. खूण होती, पण नुसती रेघ. मग तिने रेंडर्टच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पलंग खाली आणून द्या मला, जिना नको आता. ती गळ्यात अडकवायची मदतीची घंटी पण घेईन, तू म्हणतोस ती. आणि कधी जायचं झालंच तर मी स्वतः सांगेन तुला, तेव्हा विचारायला लागणार नाही."

"म्हणजे सोमवारी काय कळवू?"

आईने एकदा सगळ्या कड्यावरून नजर फिरवली, रीकमावशीवर, वेसलिंकवर, माझ्यावर.

"नाही," ती म्हणाली. "मी जाणार नाही, रेंडर्ट. आणि सोमवारपर्यंत कशाला थांबतोस? ती खोली ज्यांना हवी आहे ते बिचारे वाट बघत असतील, आजच फोन कर त्यांना."